दांड्यावरची ऊब

काकूने एकदा देवापुढे शब्द दिला होता : भाऊ तापातून उठला, तर टीव्हीच्या चित्रापायी मी गच्चीवर उभी राहणार नाही, कुणाला उभं करणार नाही. पुतण्यांना हे कुठून ठाऊक असणार? त्या रात्री चित्र फुटायला लागलं, तसा धाकटा सहज म्हणाला, "काकू, वर जाऊन अँटेना धर ना जरा!"

शेंगा सोलणारे काकूचे हात थांबले. काकांनी टीव्हीच बंद केला.

"बसा दोघं. माझ्या मेव्हण्यासमोर घडलेलं सांगतो. तिखटमीठ न लावता."

मेव्हणा अँटेनाचा मेकॅनिक. सतरा नोव्हेंबरला, मंगळवारी संध्याकाळी, लाकडाच्या वखारीच्या मालकाचा त्याला फोन आला. वारा नाही, पाऊस नाही, तरी चित्र टिकत नाही. साडेनऊला मॅच आहे, आजच या.

मेव्हण्याने गच्चीवर जाऊन क्लॅम्प आवळला, कुजलेली केबल बदलली. गच्चीला कठडा नव्हता आणि अँटेनाचा दांडा काठापासून हातभरच आत. गंमत अशी, की दांड्याला हात लावला की खालून मालक ओरडायचा, "आलं!" हात काढला की, "गेलं!"

"ते तसंच आहे हो," मेव्हणा खाली आल्यावर मालक पाय पसरून म्हणाला. "बायको होती तोवर काळजी नव्हती. तिला दांडा धरून उभं करायचं आणि मी इथून सांगायचो, मागे हो, आणखी मागे, आता हलू नकोस. एवढीशी ठेंगणी बाई, पण अंगात ताप असला तरी उभी राहायची बिचारी. मार्चमध्ये पडली वरून. पडली तीसुद्धा बया ऐन शेवटच्या मिनिटाला, मॅच रंगात आलेली असताना!"

आणि तो हसला.

मेव्हण्याला हसू आलं नाही. त्याला आता केबलचं खालचं टोक तपासायचं होतं. तो म्हणाला, "मालक, तुम्ही वर जा. मी सांगेन तसा दांडा फिरवा."

हे आपण का बोललो, असं तो नंतर कितीदा तरी म्हणाला.

नऊ वाजून दहा मिनिटं. मालक कुरकुरत जिना चढला. मेव्हण्याने टीव्हीमागची केबल उपटून हातात घेतली. पडदा काळा व्हायला हवा होता.

चित्र आलं. आरशासारखं लख्ख.

केबल हातातच होती.

"आलं का?" वरून हाक आली.

मेव्हणा तोंड उघडणार, तोच त्याच्या खांद्यामागून बाईचा एक थकलेला आवाज म्हणाला, "अहो... मागे व्हा."

खोलीत कुणी नव्हतं.

"एवढं?"

"आणखी मागे."

वरून चिरकलेला आवाज. "कोण... तू? अगं, मला... हात सोडवत नाहीये..."

"मालक, थांबा! मी आलो!"

मेव्हणा धावला. जिना संपेना. मागून तोच आवाज. संथ. "आता... हलू नका."

मालक काठावर होता. टाचा बाहेर. दोन्ही मुठी दांड्यावर, पांढऱ्याफटक. मेव्हण्याने हात पुढे केला. वीतभर अंतर उरलं...

"आता सोडा."

मुठी उघडल्या.

...

सगळ्यांनी म्हटलं, पाय घसरला. दुसऱ्या दिवशी पहाटे मेव्हणा अँटेना उतरवायला गेला. दवाने दांडा ओलाचिंब, बर्फासारखा गार. फक्त दोन मुठींएवढी जागा कोरडी होती. आणि उबदार. कुणी आत्ताच हात काढावा तशी. मालक चांगला उंच माणूस. ती जागा त्याच्या कमरेशी आली असती. एखाद्या ठेंगण्या बाईच्या छातीशी.

तिथून मेव्हणा घरी आला तो तापाने फणफणतच.

काका थांबले. धाकट्याने हळूच काकूचा पदर धरला. तिने शेंगांचं सूप बाजूला सारून त्याला जवळ घेतलं.

"एकविसाव्या दिवशी उठला हो माझा भाऊ. देवाने ऐकलं. चित्र फाटकं दिसलं म्हणून कुणाचं काही अडत नाही, बाळांनो. तुम्हीही द्या बघू मला तेवढाच शब्द."