अंगातली रंगुबाई

ताटावरून पल्लवी उठली, अर्धी भाकरी तशीच टाकून मागल्या दारानं बाहेर गेली, आणि रंगुबाईच्या हातातला पिठाचा गोळा परातीतच थबकला... तव्यावरची भाकरी करपून घरभर वास सुटला तरी तिला भान आलं नाही.

"या जत्रंला माळजाई आईचं वारं पोरीकडं आलं पायजे," एवढंच अर्जुना बोलला होता. आवाज न चढवता, ताकाचा पेला खाली ठेवता ठेवता, उद्या कडबा आणायचाय असं सांगावं तसं. पण त्या एका वाक्यानं त्यानं पोटच्या पोरीचं उभं आयुष्य खुंटीला बांधून टाकलं होतं, आणि ते कसं बांधलं जातं हे त्या घरात रंगुबाईइतकं कुणाला ठाऊक असणार?

वडूजच्या पुढं, कुसळांच्या माळावर त्यांची वस्ती. आज्या-पणज्यांनी मेंढरं राखली, आता थोडी मेंढरं आणि थोडी बाजरी. टेकाडावर माळजाईचं ठाणं. चैत्रात जत्रा भरते, ढोल घुमतात, आणि देवी याच घरातल्या एका लेकीच्या अंगात येते. त्या लेकीला सगळे झाड म्हणतात. झाडानं लग्न करायचं नाही, घर सोडून राहायचं नाही. कुणाचं मेंढरू हरवो, कुणाची सून नांदायला न येवो, माणसं येऊन झाडापाशी बसतात. रंगुबाई सोळाव्या वर्षी झाड झाली, आता तिचे केस पांढरे झाले होते. आणि गेल्या महिन्यात वडूजच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून सांगितलं होतं, बाई, काळीज थकलंय, यापुढं ढोलावर नाचायचं नाव काढू नका.

"तिचं शिक्षाण चाललंय, अर्जुना," ती कशीबशी म्हणाली.

"आन् इश्वजित तिकडं बर्फात हुबा हाय, अक्का." अर्जुनानं मान वर केली तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते. थोरला पोरगा विश्वजित फौजेत, सीमेवर. "उद्या तुला काय झालं, आईचं वारं घरातनं तुटलं, आन् तिकडं पोराला काय झालं... मी कुनाच्या पायावर डोकं ठिवू? मला भ्या वाटतंय, अक्का."

तो वाईट असता तर किती सोपं झालं असतं! वाईट माणसाशी भांडता तरी येतं. पण हा तिचाच भाऊ, तिच्याच मांडीवर वाढलेला, आणि त्याची भीतीसुद्धा तिच्याच पदराला धरून मोठी झालेली. त्या भीतीपुढं ती काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी पल्लवी तिला सांगलीच्या मोठ्या डॉक्टरांकडं घेऊन गेली. त्यांनीही तेच सांगितलं, फक्त जास्त औषधं लिहून दिली. दुपारची वडूजची गाडी यायला वेळ होता, म्हणून पल्लवीनं आत्याला विश्रामबागेतल्या आपल्या खोलीवर नेलं. तिथल्या कॉलेजात ती तत्त्वज्ञानाचं एम. ए. करत होती. परीक्षेनंतरच्या पुढच्या शिक्षणासाठी पुण्यात तिचा नंबर लागला होता, आणि हे अजून घरी फक्त रंगुबाईला ठाऊक होतं.

चहा पिऊन झाल्यावर पल्लवीनं फडताळातली सगळी भांडी काढून फरशीवर ठेवली. "आत्ती, आमच्या सरांनी वर्गात असं मांडायला लावलं हुतं. तू आपलं घर मांड. एकेक भांडं म्हंजे एकेक माणूस."

रंगुबाईला आधी हसू आलं. म्हातारपणी भातुकली! पण हात आपसूक पुढं झाले. तांब्या मधोमध ठेवला, तो अर्जुना. त्याला टेकून डबा, ती त्याची बायको चंद्राबाई. विश्वजितचा पेला दूर उंबऱ्यापाशी. पल्लवीची वाटी तिनं अगदी आपल्या गुडघ्याशी ओढून घेतली. मग उठून एक झाकण वर, खिडकीच्या कट्ट्यावर नेऊन ठेवलं आणि हात जोडले. ती माळजाई.

"आन् तू कुटं?" पल्लवीनं विचारलं.

"मी... मी हाय की. समद्यांच्यात."

"समद्यांच्यात म्हंजे कुटं, आत्ती?"

भांडी उरली होती, पण तिचा हात कुठल्याच भांड्याकडं जाईना. तो नकळत खिडकीकडं गेला, त्या झाकणाकडं... आणि चटका बसल्यासारखा मागं आला. एवढ्या मोठ्या घरात, जे तिनं हाडाची काडं करून उभं केलं होतं, तिथं स्वतःला ठेवायला तिला वीतभर जागा सापडेना.

पल्लवी जवळ सरकली. "आत्ती, घरातलं एक मानूस निघून गेलं की बाकीची हालत्यात, आन् मग कुनालातरी ती जागा भरावी लागती. माझी आजी गेली तवा आप्पांच्या आईची जागा तू भरलीस. पर तुला बोलायची सोय नव्हती गं. देवी कुनाच्या अंगात येती बग जरा. आमच्या आज्याच्या आली का कवा? पंचांच्या आली का? ज्याचं घरात कोन ऐकत न्हाई, त्याच्याच अंगात ती येती."

"म्हंजे मी सोंग केलं म्हन की."

"सोंग न्हाई गं आत्ती, तसं न्हाई." पल्लवीनं तिचे दोन्ही हात धरले. "मी फकस्त इचारते. त्या दिवशी कोन बोललं? आई, का तू?"

तो दिवस! जन्मदाती आई जाऊन महिना झाला नव्हता. रंगूचं लग्न म्हसवडकडं ठरलेलं, सोयरे लुगडं घेऊन वस्तीवर आलेले. बाप नाथाजी लग्न उरकून मेंढरांमागं दूर मुलखाला निघणार होता, आणि लहानग्या अर्जुनाला कुणा चुलत्याच्या पदरात टाकायचं ठरलं होतं. सगळे मिळून माळजाईला नारळ फोडायला गेले. ढोल वाजू लागला. अर्जुनानं तिचा पदर मुठीत गच्च धरलेला... आणि मग तिला एवढंच आठवत होतं की केस सुटले होते, तोंडात माती होती, आणि तिच्याच घशातून कुणीतरी ओरडत होतं, ही पोर माझी हाय, हिला कुठं द्यायची न्हाई! सोयरे लुगडं घेऊन परत गेले. नाथाजीनं लेकीच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि त्या दिवसापासून त्या घरात रंगू अशी कुणी उरलीच नाही.

कोण बोललं? खरंच ठाऊक नव्हतं तिला. देवी बोलली म्हणावं, तर मग तिनं स्वतः काय केलं आयुष्यभर? आणि ती स्वतः बोलली म्हणावं, तर एवढ्या माणसांनी कुणाच्या पायांवर डोकी ठेवली? दोन्हीकडून पायाखालची जमीन सरकत होती, आणि धरायला काहीच नव्हतं.

"माझ्या आप्पांना तूच सांग," पल्लवी आता रडत होती. "देवीच्या तोंडानं नको, तुझ्या तोंडानं. देवीनं सोडलं तर ती उद्या परत धरंल. तू सोडलंस तर मी खरी सुटंन. एवढं कर माझ्यासाठी, आत्ती."

रंगुबाईनं तिचं डोकं छातीशी धरलं आणि मान हलवली. पण कबूल करणं वेगळं आणि बोलणं वेगळं. घरी आल्यावर किती वेळा तिनं तोंड उघडलं! "अर्जुना, पल्लवीचं मला बोलायचंय," म्हटलं की तो म्हणे, "व्हय अक्का, जत्रंत आईला इचारू की." तिला वाटे, मी इथं समोर बसलेय, मला विचार की रे! पण तसं विचारायची त्या घराला सवयच नव्हती, आणि सवय लावणारी तीच होती.

जत्रेच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. टेकाडावर माणूस मावत नव्हता. पल्लवीला हिरवं लुगडं नेसवून, हातात भंडाऱ्याचं ताट देऊन ठाण्यापुढं उभं केलं होतं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि ती फक्त आत्याकडं बघत होती. चंद्राबाई लेकीच्या मागं उभी राहून पदरानं डोळे पुसत होती, पण नवऱ्यापुढं बोलायची तिची टाप नव्हती. ढोलकरी गुंडानं टिपरू उचललं, तशी रंगुबाई उठून उभी राहिली.

"थांब गुंडा. मला बोलायचंय."

पुढच्या बायांनी हात जोडले. कुणीतरी म्हणालं, आली, आई आली.

"आई न्हाई. मीच हाय. मी रंगुबाई." तिनं पल्लवीच्या खांद्यावर हात ठेवला. "पल्लवीला झाड करू नगासा. तिला शिकायचंय, पुण्याला जायचंय. मी सांगतीया. माझं ऐका."

जोडलेले हात खाली आले. माणसं एकमेकांकडं बघायला लागली. म्हातारा गुंडा समजुतीनं हसला. "अक्का, ते घरात बोला की तुमचं. हितं आईला बोलू द्या."

अर्जुना लगबगीनं पुढं आला. चारचौघांत मान खाली गेल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता. "अक्का, उनानं तरास झाला का? बस जरा. चंद्रे, पानी दे हिला." आणि तिला खांद्याला धरून त्यानं खाली बसवलं, अगदी मायेनं, पोराला बसवावं तसं.

ढोल सुरू झाला.

जन्मात पहिल्यांदा ती माझं ऐका म्हणाली होती, आणि ज्यांच्यासाठी ती झिजली त्यांतल्या एकालाही ते ऐकू आलं नव्हतं! तिनं डोळे मिटले. आई, ये गं आता, तू तरी ये... ढोल वाढत गेला, भंडारा उधळला गेला, पण वारं येईना. घशात काही चढेना, अंगाला काटा येईना. उन्हाचे चटके, गुडघ्यातली कळ, छातीतली धडधड, सगळं जिथल्या तिथं. इतक्या वर्षांत कधी नाही ते आज आत कुणीही नव्हतं, फक्त ती एकटी होती. गुंडानं ढोल पल्लवीच्या अगदी जवळ नेला, आणि पोर थरथरायला लागली, भीतीनं की आणखी कशानं कोण जाणे.

रंगुबाईनं अंबाडा सोडला.

ती उठली आणि नाचली. डॉक्टरांनी नको म्हटलेलं सगळं केलं. पल्लवीच्या ओठांवर "आत्ती, नको" असं उमटलं, पण ढोलात ते विरून गेलं. छातीत कळ उठत होती, श्वास अपुरा पडत होता, आणि डोकं मात्र झऱ्याच्या पाण्याइतकं निवळ होतं. तिनं घसा फोडून हाक दिली आणि टेकाड गुडघ्यांवर आलं.

"लेकरा, ऐक. हे झाड शेवटचं. या पोरीला मी घेत न्हाई. तिला तिच्या वाटंनं जाऊ दे. मी आता ठाण्यातच बसते, ज्याला भेटायचं त्यानं हितं यावं."

"आन् माझा इश्वजित, आई?" अर्जुना जमिनीवर पालथा पडला होता.

एक क्षण... एकच क्षण ती अडली. जे आपल्या हातात नाही ते कसं द्यायचं? उद्या तिकडून काही वाईट आलं तर हे शब्द तिला जन्मभर जाळणार होते. आणि तिनं ते दिले.

"त्याला मी राखते. जा."

मग ती कोसळली.

शुद्धीवर आली तेव्हा ठाण्याच्या सावलीत होती. पल्लवी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. ती आत्याच्या सुटलेल्या केसांवरून हात फिरवत होती, आणि तिचे अश्रू रंगुबाईच्या कपाळावर पडत होते. माणसं खाली जेवणाकडं पांगली होती. अर्जुना पाण्याची घागर घेऊन आला. वारं उतरल्यावर झाडाचे पाय भावानं धुवायचे, ही तिथली रीत. त्यानं लेकीला पाणी प्यायला खाली पाठवलं आणि बहिणीचे पाय हातात घेतले.

खूप वेळ तो ते पाय नुसते धरून बसला.

"दर वर्साला धरतो मी हे पाय," तो हळू म्हणाला. "वारं उतरल्यावरबी लय येळ थरथरत्यात. आज हालतबी न्हाईत, अक्का. आज कोन बोललं?"

खोटं बोलायची ताकदच तिच्यात उरली नव्हती. "मी."

"इश्वजितचं?"

"त्येबी मीच. आई राखंल का न्हाई, मला काय ठावं, अर्जुना? तू पालथा पडला हुतास, मला बघवंना."

त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. त्यानं एक हाक मारली असती तर पल्लवी खालून परत आली असती, तिला झाड करायला ढोल अजून तिथंच होते. रंगुबाई त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. आता तिच्याकडं द्यायला काहीच उरलं नव्हतं.

"आन् तवा?" त्यानं विचारलं. "मी बारका हुतो, तवा कोन बोललं?"

"ते मला न्हाई कळत. लय इचार केला, खरंच न्हाई कळत. तू माझा पदर धरला हुतास, एवढंच ध्यानात हाय."

अर्जुनाच्या तोंडून आवाज फुटला तो रडण्याचा होता की हाक होती, कळलं नाही. ज्या पायांवर डोकं ठेवून तो इतकी वर्षं निर्धास्त झोपला, ते त्याच्या बहिणीचे पाय होते, आणि त्यांना भेगा पडल्या होत्या... हे त्याला आज दिसत होतं. त्यानं घागर वाकडी केली आणि एकेक भेग अंगठ्यानं धुतली.

"माझ्यामुळं तुझा संसार ऱ्हायला," तो म्हणाला. आणि रिकामी घागर बाजूला ठेवत, "पोरीला पुन्याला पोचवायला मी जातो. आन् इश्वजितसाटी भ्यायचंच आसंल तर आता आपुन दोगं मिळून भिऊ."

रंगुबाईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. खाली पंगतीला बसलेल्या बायांनी ते बघितलं, आणि त्यांनी लांबूनच आईला हात जोडले.