मागच्या खोलीतली हवा

काम अगदी साधं होतं. सखाबाईंच्या मागच्या खोलीत आदल्या दिवशी ठेवलेला स्टीलचा डबा बंद करायचा आणि साकोलीच्या आमच्या ऑफिसात आणायचा. हा डबा चोवीस तास खोलीतली हवा थोडी थोडी ओढून घेतो, मग प्रयोगशाळेत ती तपासतात. असे डबे मी पन्नास तरी उचलले असतील. त्या दिवशीचा मात्र... बसा, सांगते.

गावाचं नाव राहू द्या. सानगडीच्या पुढे एका तलावाच्या पाळीला ढिवरांची, मासे धरणाऱ्यांची, वीस-बावीस घरांची टोली आहे; त्यातलंच एक घर सखाबाईंचं. पलीकडच्या अंगाला पूर्वी एक खाजगी कारखाना होता. मशीनचे भाग कसल्याशा औषधाने धुवायचे आणि उरलेलं औषध मागच्या खड्ड्यात ओतायचे. कारखाना बंद पडून जमाना झाला, पण औषध जमिनीत उतरलं ते उतरलंच. विहिरींना लागलं. त्याची वाफ मातीतून वर येऊन घरात शिरते का, ते आम्ही शोधत होतो.

सखाबाईंची मागची खोली बदनाम होती. तिथे झोपलं की उरावर कोणी बसतं, म्हणायचे. पण थंडीत तीच एक खोली उबदार. आणि येत्या रविवारी त्यांची सून रंजू आसगावहून, माहेरून, वीस दिवसांचं बाळ घेऊन येणार होती. तिची खाट तिथेच टाकलेली होती.

जानेवारी होता. दुपारचे चार वाजले असतील, पण आभाळ भरलेलं, तलावावरून गार वारा. सखाबाई मुलाबरोबर, मुन्नाबरोबर, जाळी वाळत घालायला पाळीवर गेल्या होत्या. मी आत गेले आणि दार लोटून घेतलं. डबा बंद होईपर्यंत बाहेरची हवा येऊ द्यायची नसते.

आत काळोख. पहिल्यांदा वास आला... गोडसर, जड, पिकून फुटलेल्या फळासारखा. गळ्यातलं वाफ मोजायचं मीटर टिकटिकायला लागलं. मी वाकून डब्याची चावी फिरवली. ती अडकली होती. जोर लावला. टिकटिक दाट होत गेली, मग लांब गेली, जणू शेजारच्या घरातून येते आहे. गुडघे कधी टेकले, कळलंच नाही. दार चार पावलांवर होतं. ते दिसत होतं, पण उठावंसंच वाटत नव्हतं. झोपावं, इतकं छान वाटत होतं.

तेव्हा कोणीतरी माझं मनगट धरलं.

म्हातारा हात होता. हाडकुळा, पण पकड घट्ट. त्याने मला दाराकडे नाही, कोपऱ्याकडे ओढलं, धानाच्या कोठीमागे, आणि माझा तळवा फरशीवर दाबला. फरशीच्या भेगेतून गार हवा वर येत होती. कोणी झोपेत श्वास सोडावा तशी.

"अथी..." कानाशी कोणीतरी म्हणालं. "अथी आहे..." तिकडच्या बोलीत अथी म्हणजे इथे.

त्यानंतरचं मला आठवतं ते अंगण. बाहेर कशी आले, आजही सांगता येत नाही; मी पायरीवर पडले होते आणि सखाबाई तोंडावर पाणी मारत होत्या.

"काय झालं व बाई? पडली का?"

"आजी... घरात कोण आहे?"

"कोण राहीन? आमी दोघंबी पाळीवर. तूच होती ना घरात."

मी मनगट पुढे केलं. त्यावर तेलाचे चार पट्टे होते. सखाबाईंनी ते नाकाशी नेलं आणि मटकन खाली बसल्या.

"जवसाचं तेल हे. माह्या घरात थेंब नाई." त्यांनी खोलीच्या दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "माही सासू, सीताबाई. साऱ्या टोलीच्या बाळंतिणी तिनं सोडवल्या. जवसाच्या तेलानं लेकरं चोळे. याच खोलीत गेली ते. सकाळी उठलीच नाई."

मुन्ना दाराशी उभा होता. "मॅडम, पाच वर्षं झाले. कोणी येते, बाटली भरते, चालला जाते. आता तुमीबी भूत सांगून राहिल्या?"

"भूत नाही सांगत," मी म्हटलं. "रंजूला रविवारी आणू नका. एवढंच सांगते."

"दुसरी खोली आहे का आमच्याजवळ?"

"दोन महिने माहेरी राहू द्या तिला. तोवर ही खोली मी नीट करून देते."

सांगून बसले खरी, पण माझ्या हातात काय होतं? साहेब आमचे वीरेंद्र सर. त्यांना फोन करून म्हटलं, कोठीमागे फरशी फोडावी लागेल. त्यांनी विचारलं, का? मी घडलं ते सगळं सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, "आधी दवाखान्यात जा. मी उद्या येतो."

त्यांनी भेगेजवळ धुराची कांडी धरली. धूर सरळ वर उसळला. कोठी हलवून फरशी उचलली, आणि खाली दगडांचं कडं निघालं. जुनी विहीर, अर्धवट बुजवलेली. तिच्यावर घर बांधलेलं, आणि वाफ तिच्यातूनच वर येत होती. टोलीत कोणालाही ती माहीत नव्हती.

मग काम लागलं. विहीर भरून वरून पक्की केली, भेगा बुजवल्या, फरशीखालून एक पाइप काढून छपरावर नेला आणि त्याला पंखा बसवला. खालची वाफ घरात येण्याआधीच तो ओढून बाहेर सोडतो. पाइपावर वाकडी काचेची नळी लावली, तिच्यात तांबडं पाणी. पंखा ओढत असला की एका बाजूचं पाणी चढलेलं असतं. बंद पडला की दोन्ही बाजू सारख्या. पलीकडे खड्ड्याजवळ जमिनीतलं पाणी उपसून शुद्ध करायचं यंत्र सुरू झालं. टोलीला विहिरींच्या पाण्याऐवजी दुसऱ्या गावचा नळ आला. मार्चमध्ये पुन्हा डबा ठेवला. हवा स्वच्छ निघाली.

रंजू बाळ घेऊन आली. मुलगी होती. मुन्नाने मला तलावातले वाडगाभर झिंगे दिले.

एप्रिलमध्ये वादळ झालं. खांब पडले, दोन दिवस लाइट नव्हती. टोलीतला पंखा बंद असणार हे तिसऱ्या दिवशी सकाळी कळलं तशी मी गाडी काढली. सखाबाईंच्या दारात पोहोचले तर मागच्या खोलीचं दार बंद. ढकललं. रंजू आणि बाळ गाढ झोपलेले. मी खाटेकडे धावले.

"रंजू! उठ, रंजू!"

ती दचकून उठली. चेहरा ताजा, डोळे स्वच्छ. "काय झालं ताई? काहून ओरडून राहिल्या?"

बाळाने जांभई दिली. मी मीटर फरशीला टेकवलं. शून्य. कोपऱ्यात धरलं. शून्य. बाहेर जाऊन छपराकडे पाहिलं. पंख्याची पाती थांबलेली होती, त्यांच्यात वादळातलं पान अडकलेलं. लाइट अजून आलेली नव्हती.

आत येऊन मी काचेच्या नळीसमोर उभी राहिले. दोन्ही बाजू सारख्या असायला हव्या होत्या. एका बाजूचं तांबडं पाणी पार वर चढलेलं होतं.

मी नळीवर टिचकी मारली. पाणी थरथरलं, खाली आलं... आणि माझ्या डोळ्यांदेखत, सावकाश, पंख्याऐवजी कोणीतरी ओढत असावं तसं, पुन्हा वर चढलं.