गळलेला काना

ही गोष्ट ज्याच्यावर गुदरली तो दातांच्या कवळ्या घडवणारा कारागीर होता. परदेशात माझ्या धाकट्या भावासोबत तो एकाच खोलीत राहिला. मितभाषी, देवाला भिऊन वागणारा. त्याने जे सांगितले तेवढेच सांगतो. दार लोटून घ्या आणि मध्ये बोलू नका.

मार्चमधला दुसरा शनिवार. कारागिराचा शाळासोबती मायदेशातून आठ दिवसांसाठी त्याच्याकडे आला होता. पेशाने शिक्षक, म्हणून त्याला सगळे मास्तरच म्हणत. समुद्रकड्यावरून जाणाऱ्या निसर्गरम्य रस्त्याने दोघे दोन दिवसांच्या सफरीला निघणार होते. सकाळी कारागीर गाडीत पेट्रोल भरायला आणि चाकांत हवा मारायला गेला. त्याचा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला राहिला.

तो वाजला. मास्तरने उचलला. पलीकडे, गावाहून, कारागिराची बहीण होती.

"दादा कुठाय? आईचं काही खरं नाही. तीन आठवडे अंथरुणातच आहे, पण आज डॉक्टर म्हणाले, काय ते बोलून घ्या. शुद्धीत आहे ती. त्याचा आवाज एकदा ऐकव म्हणते."

"आला की सांगतो, ताई."

मास्तरने फोन बंद केला आणि आपल्या पिशवीच्या तळाशी ठेवला. या सफरीची त्याने दोन वर्षे वाट पाहिली होती. एका दिवसाने काय बिघडते, असे त्याने स्वतःला समजावले. पाप करताना माणसाला ते कधीच मोठे दिसत नाही.

कारागीर परतला. "माझा फोन?"

"माझ्याकडे. दोन दिवस बंद. मी तुला भेटायला आलोय, तुझ्या कवळ्यांना नाही."

"अरे बाबा, रात्री आईला फोन करायचा असतो."

"मुक्कामी पोचल्यावर कर की. थोडा उशीर झाला म्हणून माउली तुझा कान नाही पिळणार."

कारागीर हसला. त्याने विश्वास ठेवला.

दिवस फार सुंदर गेला. खाली निळे पाणी, वर हिरवे उतार. दोघांनी फोटो काढले, बालपणीच्या खोड्या आठवल्या. वाट मास्तरच्या फोनमधली बाई सांगत होती, मराठीत. "पुढे उजवीकडे वळा."

"काय आदब आहे बघ!" मास्तर म्हणाला. "आमच्या घरी पाहुणे आले तरच मला अहो ऐकायला मिळतं."

अंधार पडला. रात्रीचे नऊ वाजून चाळीस मिनिटे झाली होती. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला समुद्र. मागेपुढे एकही गाडी नाही.

"माघारी वळा."

"चुकलो का रे?"

"रस्ता एकच आहे. चुकणार कुठे?"

"माघारी वळा."

मास्तरने आवाज बंद केला.

"माघारी वळ."

कारागिराचा पाय ब्रेकवर गेला. 'वळा'तला काना गळला होता.

"ऐकलंस?"



"वळ रे…" आवाज त्याच बाईचा. पण धाप लागलेली.

मास्तरने फोनच बंद केला. पडदा काळा झाला.

"किती वेळ थांबू…?"

त्या काळ्या पडद्यातून.

कारागिराने हात पुढे केला. "माझा फोन दे."

"हे बघ, रागावू नकोस. मी सांगणारच होतो…"

"काय?"

"सकाळी ताईचा… मी म्हटलं, उद्या…"

मास्तरने पिशवीच्या तळातून त्याचा फोन काढून दिला. कारागिराने गाडी वळवली.

तेव्हा मास्तरचा बंद फोन अगदी हळू म्हणाला, "जाते मी."

घरातून निघणारी बाई 'येते' म्हणते. त्याच्या आईने जन्मात कधी 'जाते' म्हटले नव्हते.

दोन वळणांनंतर कारागिराच्या फोनला रेंज आली. बहिणीने पहिल्याच घंटीला उचलला.

"आत्ता गेली, दादा. पाच मिनिटं झाली. दिवसभर फोनकडे बघत होती. मी सकाळीच सांगितलं होतं ना रे…"

शेजारी मास्तर हुंदके देत होता. कारागिराने शिवी दिली नाही, हात उचलला नाही. पहाटे त्याला स्टेशनसमोर उतरवले, त्याची पिशवी हातात दिली आणि म्हणाला, "देव तुला क्षमा करो. माझ्याच्यानं ते होणार नाही."

गावच्या घरी त्याच्यासाठी अंत्यविधी दोन दिवस थांबवला होता. तो पोचला. आईच्या पायांवर डोके टेकायला वाकला… आणि तसाच राहिला.

दोन्ही तळव्यांवर फोड होते, अनवाणी लांब चालल्यावर येतात तसे. काही फुटलेले.

बहीण मागे उभी होती. "मी रोज पायांना तेल चोळत होते, दादा," ती म्हणाली. "शनिवारपर्यंत काही नव्हतं."