चाखल्याशिवाय सोडायचं नाही

"हा माणूस सगळ्याच काकड्या उचलणार वाटतं... घरी हत्ती पाळलाय की काय," मी पुटपुटले.

गांधी बाजारात, भर सकाळी, चांगल्या खणखणीत पुणेरी मराठीत. मला बंगळुरात येऊन चारच महिने झाले होते, आणि इथे रस्त्यावर आपली भाषा कुणाला कळत नाही या भरवशावर मी बरंच काही बोलून घेत असे.

काकडीवाल्यासमोर वाकलेला तो माणूस सावकाश सरळ झाला. डोळे हसत होते, तोंड मात्र गंभीर.

"हत्ती नाय हो, भाची आहे," तो म्हणाला. "काकडी सोडून काही खात नाय. अर्ध्या ठेवतो तुमाला... सरी का, चालेल?"

त्याचं बोट धरून उभी असलेली चिमुरडी कचाकचा काकडी खात माझ्याकडे बघत होती. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, "मी लहान मुलांना स्वयंपाक शिकवते. शनिवारी. त्यासाठीच काकड्या हव्यात."

"एवढी लहान मुलं? स्वयंपाक?"

"सोपा. कोशिंबीर, मोड आलेल्या मुगाची भेळ, नाचणीचे लाडू. स्वतःच्या हातानं केलेलं मूल खातं. न खाऊन सांगतं कुणाला?"

त्यानं भाचीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग हिला घ्या," तो म्हणाला. "हिच्यापुढं आमी सगळे हात टेकलोय."

त्याचं नाव विचारलं तर म्हणे व्यंकोजी. या नावाचा माणूस मी आजवर फक्त शाळेच्या इतिहासाच्या धड्यात पाहिला होता. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलं ते इथलंच झालं. घोडे आणि तलवारी कधीच्या गेल्या. व्यंकोजीचं आता पीण्या नावाच्या कारखान्यांच्या भागात लेथ मशीनचं छोटं वर्कशॉप होतं.

मी राहायची जयनगरला, दादा-वहिनीकडे. दादा कॉम्प्युटर कंपनीत, त्याला रविवार कशाशी खातात हे माहीत नव्हतं. मी आहारशास्त्र शिकलेली, नोकरी शोधणारी, आणि तोवर बसवनगुडीच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये सहा मुलांचा वर्ग घेणारी. वर्गाचा नियम एकच होता, फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेला. हात लावल्याशिवाय खायचं नाही, आणि चाखल्याशिवाय सोडायचं नाही.

शिवानी, म्हणजे ती काकडीवाली भाची, पहिल्या शनिवारी तोंड घट्ट मिटून बसली. दुसऱ्या शनिवारी तिनं स्वतः किसलेलं गाजर जिभेच्या टोकानं चाखलं. तिसऱ्या शनिवारी वाटी चाटूनपुसून साफ. तिला घ्यायला आलेला मामा दारात उभा राहून बघतच राहिला.

"मिस... ही गाजर खाल्ली?"

"दोनदा मागून घेतलं."

"तुमी काय जादू केलात?"

"किसणी दिली हातात. बाकी काही नाही."

पुढच्या आठवड्यात तो वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. उघडलं तर सहा छोट्या सुऱ्या. लाकडी मूठ, गोल टोक, काकडी कापेल पण बोट कापणार नाही अशी धार. पीण्याच्या वर्कशॉपमध्ये त्यानं स्वतः बनवलेल्या.

"बोट कापत नाही हे कशावरून?" मी विचारलं.

त्यानं अंगठा पुढे केला. त्यावर बारीक चार-पाच ओरखडे होते. "पयल्या दोन कापत होत्या," तो शांतपणे म्हणाला. "मग धार स्वल्प कमी केलो."

त्या अंगठ्यावरून माझी नजर हटेना. आहारशास्त्रात याला नाव नाही. प्रेम म्हणतात हे मला कळत होतं, फक्त कबूल करायची हिंमत होत नव्हती.

कारण त्याचं काही कळत नव्हतं. बोलायचा मोजकं, हसायचा डोळ्यांनी, आणि मला 'मिस' म्हणायचा... जणू मी त्याच्याही वर्गाला शिकवते. तिकडे पुण्याहून आईचा दर रविवारी फोन. एक स्थळ आलं होतं, मुलगा चांगला, घर चांगलं. 'फेब्रुवारीत येते,' असं मी कबूल करून बसले होते. तोवर व्यंकोजीच्या मनात काय आहे ते कळलं तर ठीक, नाहीतर मला पदर सावरत त्या मुलासमोर पोह्यांचा ट्रे धरायचा होता.

आणि अशात त्यानं घरी बोलावलं.

"रविवारी या, मिस. अम्मा बोलावलीय. तुमचे दादा-वहिनीनापण घेऊन या."

दादाला ऑफिस होतं, वहिनीला ताप होता. मी एकटीच गेले. घर माणसांनी भरलेलं होतं. त्याची आई सकवारबाई जरीच्या साडीत, बहीण हेमलता मोगरा माळून, आणि व्यंकोजी चक्क इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात अवघडून बसलेला. मला वाटलं, शिवानी भाज्या खायला लागली म्हणून माझं कौतुक चाललंय. मी आपली खुशीत.

समोर ताटली आली. उप्पीट आणि केशरी रंगाचा, तुपानं चमकणारा शिरा, इकडचा केसरीबात. सगळे माझ्याकडे बघत होते. सकवारबाई म्हणाल्या, "खा, बाळा. कसं झालंय सांग."

विचारलं नसतं तर बरं झालं असतं. मी सांगितलं. उप्पिटात गाजर-वाटाणा घातला तर जास्त पौष्टिक होईल. शिऱ्यात तूप-साखर फार आहे, आणि हा रंग तर मुलांना मुळीच देऊ नये. मी स्वतःही खात नाही, असं म्हणून केसरीबात ताटलीच्या कडेला सारला आणि उप्पीट तेवढं संपवलं.

सकवारबाईंनी ताटली उचलली. व्यंकोजी खिडकीबाहेर बघत होता. मला वाटलं, ज्ञान जरा जास्तच पाजळलं वाटतं.

त्या दिवसापासून तो यायचाच बंद झाला. शिवानीला ओळखीचा रिक्षावाला सोडायचा आणि न्यायचा. एकदा बाजारात दिसला, मी हात केला, तर त्यानं फक्त मान हलवली आणि गर्दीत शिरला.

"वहिनी, तुपावरून एवढं कुणी रागावतं का?" मी विचारलं.

"पुण्यात नाही रागवत," श्वेतावहिनी कणीक मळत म्हणाली. "इथलं माहीत नाही. पण तू तुपावरून एवढी का रडतेस?"

"कांदा चिरत्येय."

"हातात भेंडी आहे तुझ्या."

मग मी भेंडीसकट रडले. माझं काय चुकलं हेच कळत नव्हतं. सुऱ्या करणारा माणूस खरा की मान हलवून जाणारा? रोज रात्री एक उत्तर ठरवायची आणि सकाळी ते बदलायची. शेवटी पुण्याचं तिकीट काढलं. शनिवारी संध्याकाळची बस, रविवारी तो बघण्याचा कार्यक्रम.

शनिवारी सकाळी शेवटचा वर्ग होता. मी कांदेपोहे ठरवले होते. सोपे, पटकन होणारे, आणि वहिनीच्या शब्दांत, "उद्यासाठी हात बसेल."

मुलांनी पोहे चाळणीत धुतले, शेंगदाणे निवडले, कोथिंबिरीच्या काड्या वेगळ्या केल्या. गॅसजवळ फक्त मी. पोहे भिजेपर्यंत मुलं शांत बसावीत म्हणून मी विचारलं, "सांगा बरं, तुमच्या घरी कोणता पदार्थ कधी करतात?"

"पायसा, म्हणजे खीर, वाढदिवसाला."

"चित्रान्न, ट्रिपला."

"ताप आला की नाचणीची आंबील."

शिवानीनं हात वर केला. "उप्पीट आणि केसरीबात. मुलगी बघायची असली की."

"मुलगी बघायची...?"

"माझ्या आत्याला बघायला आले तेव्हा केलं. आणि अक्का, तुम्ही आलात तेव्हा. तुमचे आईबाबा लांब आहेत ना, म्हणून आजी म्हणाली, आपणच करून घालू." ती कोथिंबिरीचं पान चावत विचारात पडली. "आजी म्हणाली, पोरीनं गोड खाल्लं तर हो. तुम्ही खाल्लंच नाही. पण अक्का, आपला रूल आहे ना? चाखल्याशिवाय सोडायचं नाही?"

माझ्या हातातली पळी कढईत पडली.

आता सगळं लख्ख दिसत होतं. ती जरीची साडी, तो मोगरा, तो पांढरा शर्ट. भरल्या घरात त्यांनी मला मागणी घातली होती, आणि मी त्यात गाजर-वाटाणा घालायला सांगितला होता. मोहरी तडतडून काळी झाली तेव्हा कुठे मी भानावर आले. ती फोडणी फेकली आणि दुसरी केली.

बारा वाजता एकेक पालक आले आणि मुलांना घेऊन गेले. शिवानी तेवढी राहिली. आणि रिक्षावाल्याऐवजी दारात व्यंकोजी.

"मिस, पुण्याला जाताय म्हणून ऐकलो," तो चपलेकडे बघत म्हणाला. "शिवानीचं एप्रन परत द्यायचं होतं. आणि थँक्स सांगायचं होतं. येतो."

"थांबा. कोथिंबीर निवडा."

"...काय?"

"हात लावल्याशिवाय खायचं नाही. फळ्यावर लिहिलंय."

तो गोंधळून मुलांच्या बुटक्या स्टुलावर बसला आणि कोथिंबीर निवडू लागला. मी त्याच्या पुढ्यात पोह्यांची ताटली ठेवली. वर खोबरं, लिंबाची फोड. त्यानं घास घेतला.

"दही आहे का स्वल्प?" त्यानं विचारलं.

"दही नाही मिळणार. पुण्यात हे पोहे कधी देतात माहीत आहे?"

"नाष्ट्याला?"

"मुलाला, मुलगी बघायला आला की. उद्या मला हेच एका मुलाला द्यायचे आहेत. मला ते नको आहे." मी लिंबाची फोड उगाच सरळ केली. "तुमच्या घरी केसरीबातचा अर्थ मला ठाऊक नव्हता. मला वाटलं नाष्टा आहे. आत्ता शिवानीनं सांगितलं. व्यंकोजी, माझं नाही म्हणणं तुपाला होतं... तुम्हाला नव्हतं."

त्यानं हातातली कोथिंबिरीची काडी खाली ठेवली.

"मी समजलो, मिसना आमचं घर पटलं नाय," तो म्हणाला. "तोंड कसं दाखवायचं? म्हणून येत नव्हतो. दर शनिवारी वर्कशॉप बंद करायचो आणि... बसून राहायचो."

"मला तुम्ही आवडता. पहिल्यांदा कळलं ते तुमच्या अंगठ्यावरचे ओरखडे बघून."

त्याचे कान लाल झाले. त्यानं ताटलीतला उरलेला घास संपवला आणि विचारलं, "पुण्यात मुलगा एक ताटली खाल्ला की काय म्हणतात?"

"विचार करून कळवतो म्हणतात."

"आणि परत मागितला तर?"

त्यानं रिकामी ताटली माझ्यापुढे धरली.

"वाढ, सुचेता," तो म्हणाला. मिस नव्हे.

मी वाढलं, आणि डोळे पुसत कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथकडे निघाले. तिथून आईला सांगितलं की बस रद्द, पोहे इथेच झाले. आई काय ओरडली ते नीट ऐकूही आलं नाही. परत आले तेव्हा मामा-भाची कढई खरवडत होते.

"उद्या घरी ये," व्यंकोजी म्हणाला. "अम्माला सांगतो, तूप कमी घाल, गाजर घाल, आणि तो रंग तर नकोच..."

"नको," मी म्हणाले. "रंग राहू दे."