नागव्वाच्या परसातला शेवटचा घास

माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. पंचायतीच्या अध्यक्षानं नाही, पोलिसानं नाही, माझ्या सख्ख्या दिरानंही नाही. जगदेवी म्हणजे चौथी शिकलेली बाई, तोंडाची फटकळ, हिचं काय ऐकायचं, म्हणून सगळ्यांनी माना फिरवल्या. तुम्हीसुद्धा ठेवू नका. पण ऐकायला बसलात तर मधून उठायचं नाही, एवढंच सांगते.

येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या रात्री लाईट गेली की गल्लीतली पोरं माझ्या ओट्यावर जमतात. दिवसभर रानात उंडे-भज्जी खाऊन, आंबील पिऊन पोटं तट्ट झालेली असतात आणि वर भुताची गोष्ट पाहिजे असते. यंदा पंचशीलाही आली. शोभाबाईची पोरगी, कडगंचीला मोठ्या कॉलेजात शिकते.

"काकू, भूत-बित काय नसतंय," बसायच्या आधीच म्हणाली.

"नसू दे. मग कामून आलीस?"

"लाईट न्हाई. घरी बसून काय करू?"

"तुमी बगितलंय का भूत?" एका पोरानं विचारलं.

"बगितलं न्हाई. ऐकलं. आता गप बसा."

तर नागव्वा माझी शेजारीण. कमलनगरहून जीप येते त्या वाटेवर आमचं गाव, आणि गावाचं शेवटचं घर तिचं. त्याच्या मागं परस, आणि परसाच्या मागं नुसता माळ. बाप मेंढरं राखणारा. कळपातलं एखादं कोकरू लांडग्यानं उचललं तर बाप म्हणायचा, त्याचा वाटा त्यानं नेला. त्या बापाची ही लेक. नवरा मेला, तुकडाभर रान होतं ते दिराच्या घशात गेलं. राहिलं ते परस. आमच्याकडं सगळा तांबडा मुरूम. त्यावर तिनं दुसऱ्या गावच्या तळ्यातली काळी माती गाढवांवर आणून पसरली होती. रताळी, काकडी, दोडका, मधे एक सीताफळ. आणि कुंपणालगतचा शेवटचा वाफा तिनं कधी खणला नाही. तो जनावरांचा.

यायचीही. साळू यायची, अंगावरचे काटे खुळखुळ वाजवत. रानडुकरीण पिल्लं घेऊन यायची. मोर, ससे, सांजेला वानरं. आपला वाफा खायची आणि जायची. एखादं दुसऱ्या वाफ्यात घुसलं तर नागव्वा चप्पल घेऊन उठायची, "शिस्त हाय का न्हाई गं तुला, रांडे?" डुकरीण ऐकायची. माझ्या पोरांनी माझं कधी ऐकलं नाही तेवढं ऐकायची. बोलवायची मात्र कानडीत, "बा तंगी, बा." ये बाई, ये. बापाची मेंढरं कानडी समजायची, म्हणून हीपण समजतात असं तिचं म्हणणं.

मी म्हणायचे, "अक्का, जनावराचा एवढा लळा बरा न्हाई."

"माणसाचा लावून बगितला की," ती म्हणायची.

माणूस म्हणजे तिचा लेक. एकुलता एक. ती त्याला अप्पा म्हणायची. मी त्याचं नाव घेणार नाही. जीभ विटाळते. तो बिदरला, तिथल्या कोळारच्या कारखान्यांच्या वसाहतीत एका गोदामात कामाला. घर विकायचं आणि मायला तिकडं खोलीवर न्यायचं, हे त्याच्या डोक्यात पक्कं होतं. माळावरनं सडक निघणार होती आणि परसाच्या जागेला गिऱ्हाईक लागलं होतं. म्हातारी हलेना.

"माज्या पाव्हण्यांनी कुणाकडं जायाचं?"

"पाव्हणे? डुकरं हायत ती, माय!"

"तू वर्सात कितींदा येतूस? ती रोज येत्यात."

हे मी भिंतीच्या अलीकडून ऐकलेलं. त्याची पावलं शेवटच्या वाफ्यापर्यंत गेली आणि परत आली. तिथंच मला कळायला पाहिजे होतं.

दोन हजार पाच सालची येळवस. आता येळवशीला काय करतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. कडब्याच्या खोपीत पाच दगडांची पूजा करायची, सगळ्यांनी मिळून जेवायचं, आणि दिवस कलला की आंबील-भज्जी रानाच्या कडेकडेनं शिंपत फिरायचं. त्याला आपण चर म्हणतो. तो घास जमिनीचा, आणि तिच्यावर जे जे जगतं त्या सगळ्याचा. नागव्वाचं रान म्हणजे परस, म्हणून ती तिथंच चर शिंपायची. तिच्या माहेराची अजून एक रीत होती. चर शिंपून झाली की मातीच्या लोटक्याच्या तळाला राहिलेला शेवटचा घास शिंपणाऱ्यानं आपण खायचा. रानाच्या पंगतीला आपणही बसलो, असं. लेक लहान होता तोवर तो घास त्याच्या तोंडात जायचा. आ करून उभा राहायचा तो, पाखराच्या पिल्लासारखा. मी डोळ्यांनी बघितलंय.

त्या वर्षी म्हातारीचे हात थरथरत होते, म्हणून आंबील मी केली. दुपारी लोटकं घेऊन तिच्या दाराशी गेले. लेक सुट्टी काढून आला होता. त्यानंच पुढं होऊन लोटकं घेतलं.

"द्या काकू. भज्जी मी कालवतो. तुमी जावा, तुमचं रान ऱ्हायलंय."

मला बरं वाटलं. म्हटलं, पोरगा सुधारला.

सांजेला चर शिंपताना तिनं दिलेली "बा तंगी"ची आरोळी भिंतीपलीकडून ऐकली. नेहमीसारखीच. म्हातारीचं नाक जन्मभर चूल फुंकून मेलेलं होतं, तिला कसलाच वास यायचा नाही. हे लेकाला माहीत होतं का? असेल. नसेल.

सकाळी नागव्वा मागच्या उंबऱ्यावर पडलेली. तोंडाला फेस. डोळे परसाकडं.

आणि परस झाडून लख्ख. माय मेलेल्या सकाळी परस कोण झाडतं, सांगा. पण काळ्या मातीत जनावरं ओढत नेल्याचे माग राहिले होते, मागच्या नाल्याकडं. कुंपणाला साळूचा एक काटा. मी लोटकं उचलून नाकाला लावलं. फवाऱ्याचं औषध. तशीच लोकांपुढं गेले, म्हटलं, वास घ्या. तर त्यानं माझ्या हातातनं लोटकं हिसकलं, दगडावर आपटलं आणि गळा काढला, "माज्या मायला काय पाजलाव, काकू?"

झालं. जगदेवीच्या आंबलीनं म्हातारी गेली. मी ओरडले, अरे, तीच आंबील माझ्या पोरांनी प्याली, मी प्याले! कुणीतरी मागनं म्हणालं, "तुमाला पचली." दुपारच्या आत मातीही उरकली. तो डोक्याला टॉवेल गुंडाळून बसला होता, लोक त्याला चहा आणून देत होते. माझ्या धनलक्ष्मीची ठरलेली सोयरीक मोडली. विष घालणारीची लेक कोण करून घेणार? आधी येळवशीला गावात कुणाच्याही आंबलीला जगदेवीचा हात लागायचा. त्यानंतर माझ्या घरचं पाणी कुणी प्यालं नाही.

पुढची येळवस, दोन हजार सहा. बुधवार होता. परस वर्षभर उजाड, त्यात चिमणीसुद्धा उतरली नव्हती. लेक आला होता. दुसऱ्या दिवशी तालुक्याला जाऊन जागा गिऱ्हाइकाच्या नावावर करून द्यायची होती. रात्री जेवणं झाली आणि मला राहवेना. म्हातारीचं रान उपाशी. मी लोटक्यात आंबील घेतली, आधी स्वतः घोटभर प्याले, आणि कुंपणाच्या भगदाडातनं आत शिरले. मुद्दाम. माझ्या हाताला विष असेल तर आज दिसू दे, म्हटलं.

कडेकडेनं चर शिंपली. आरोळी दिली नाही. परत फिरले, तर मागं आवाज.

करकर. कच्च्या रताळ्यावर दात चालावेत तसा.

शेवटच्या वाफ्यात रताळं नव्हतं. वर्षभर काहीच नव्हतं. मी बॅटरी मारली. माती. नुसती माती.

करकर... मग खुळखुळ. काटे. डाव्या हाताला डुकरीण हुंकारली. पिल्लं चिरकली. माझ्या पोटरीला काहीतरी घासून गेलं. केसाळ.

गार.

बॅटरी फिरवली... काही नाही.

मी कडब्याच्या पेंढ्यांमागं बसले. बॅटरी विझवली.

"बा तंगी... बा..."

(इथं पंचशीलानं माझा पदर धरला.)

मागचं दार उघडलं. लेक. हातात बॅटरी.

"कोण हाय?"

खाणं थांबलं. सगळं एकदम.

"अप्पा..."

तो हलला नाही.

"अप्पा, शेवटचा घास ऱ्हायलाय."

त्याच्या हातातनं बॅटरी पडली. उजेड खालून त्याच्या तोंडावर.

"माय..." लहान पोरासारखा आवाज. "तुला न्हवतं ते. डुकराला हुतं. तू कामून खाल्लीस?"

तो एक पाऊल पुढं आला.

"तू कामून खाल्लीस, माय?"

लोटकं खरवडल्याचा आवाज आला. बोटांनी. तळापासून. माझं लोटकं माझ्या मांडीवर होतं. दुसरं लोटकं त्या परसात नव्हतं. ते फुटलं होतं.

"आ कर, अप्पा."

त्यानं आ केला. मी बघितलं. लहानपणी करायचा तसा, मान वर करून...

आणि मिटेना.

किती वेळ, कोण जाणे. मग तो ओकला. ओकत ओकतच पळाला, आणि पहाटेच्या जीपनं गेला.

मी दारोदार सांगितलं. त्याच्या तोंडचं सांगते, म्हटलं. लोक हसले. "जगदेवीनं आता भूत आणलंय साक्षीला." पुढच्या आठवड्यात तिकडच्या तिकडं जागा विकली गेली. गिऱ्हाइकानं परसावर सिमेंट ओतलं, दुकानाचे दोन गाळे काढले. काळी माती, सीताफळ, शेवटचा वाफा, सगळं खाली. जनावरं आता गावात फिरकत नाहीत. त्याचं मात्र बरं चाललंय. गोदामात साहेब झाला, पोट सुटलं. यंदा श्रावणात देवळाला पांढऱ्या फरशीची पायरी दिली. वर कोरलंय, मातोश्री नागव्वा यांच्या स्मरणार्थ, सुपुत्राकडून, आणि खाली नाव. लोक त्या पायरीच्या पाया पडून आत जातात. माझा दीरसुद्धा.

आज पहाटे रानात निघायच्या आधी मी देवळाकडनं गेले. पायरीवर माग होते. डुकराचे खूर. पिल्लांचे इवले इवले खूर. साळूची नखं, मोराची तीन बोटं. पांढऱ्यावर काळे. भोवती सगळा तांबडा मुरूम, त्यावर एक माग नाही. नुसते पायरीवर. आणि ती काळी माती या गावात एकाच जागी होती, ती कित्येक वर्षं सिमेंटखाली आहे.

पुजाऱ्यानं घागरीवर घागरी ओतल्या. निघेना. "वानरांचं काम हाय हे, जगदेवी."

"व्हय का? वानराला खूर कधी फुटले?"

एवढं सांगून मी थांबले. मग पंचशीलाच उठली.

"काकू, दाखवा मला. खोटं असलं तर उद्या सगळ्या गावात सांगीन."

"खरं असलं तर?"

ती ओट्यावरनं खाली उतरली.

आम्ही सगळेच गेलो. तिच्या मोबाईलचा उजेड होता. ती पायरीशी वाकली. मातोश्री बुजलेलं. नागव्वा बुजलेलं. सुपुत्र तर खुरांनी पार तुडवलेलं. ती बोटानं घासत घासत खाली सरकली आणि तिथंच थांबली. एक शब्द स्वच्छ. धुतल्यासारखा. त्याच्या कडेकडेनं सगळे माग, आत एकही नाही. आणि अक्षरांवर थोडी आंबील. ओली.

"वाच," मी म्हटलं. "मी घेत न्हाई ते नाव."

पंचशीलानं वाचलं.

"सिद्धराम."