पंख्याखालची जागा

मी लिफ्ट दुरुस्त करतो. आवाज आला की मागे काहीतरी झिजलेलं असणारच, यावर माझं पोट चालतं.

बायकोच्या डाव्या हाताचं दुखणं मात्र कुणालाच सापडलं नाही. मनगट मोडलं, जुळून आलं, आग तेवढी राहिली. चादर टेकली तरी ती कळवळायची. पंख्याचा वारासुद्धा सोसवेना, म्हणून उन्हाळाभर आम्ही घामाघूम. लेक बिचारी उजवीकडूनच बिलगायची.

शेवटी शिरेतून औषध द्यायचं ठरलं. दिवसभर ती आत आरामखुर्चीत, थेंब थेंब उतरतोय, आणि मी बाहेर येरझाऱ्या घालतोय. संध्याकाळी घरी आल्यावर तिनेच पंखा लावला. दोन्ही हातांनी लेकीची वेणी घातली. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडून घेतलं.

आठवड्याने, सुट्टीच्या दुपारी मी पलंगावर आडवा झालो. ती ओट्यापाशी लेकीला हसवत होती. पंख्याचा वारा पलंगावरच्या तिच्या रिकाम्या जागेवरून गेला आणि तिथून दात आवळून घेतलेला श्वास ऐकू आला.

"स्स्स."

पंखा खाली उतरवला. बेअरिंग ठणठणीत. परत लावला, परत तेच. चादर ओढली तर कण्हणं. तो आवाज मी कुठेही ओळखला असता. तो तिचाच होता, आणि ती स्वयंपाकघरात हसत होती.

मी गादीवर हात ठेवला. गादी कोमट होती.

हाताखाली काहीतरी आक्रसलं.

"काय हो, तोंड का असं झालंय?" ती दारात उभी.

"काही नाही. डुलकी लागली होती."

सांगितलं असतं, तर तिने औषधच बंद केलं असतं. असं कुणी कण्हत राहिलेलं तिला बघवलं नसतं. मला बघवलं.

महिन्याने पुन्हा औषध. या वेळी मला आत येऊ दिलं. सुई लावताना नर्सने विचारलं, "घरी सगळं ठीक?"

"उत्तम," मी म्हणालो.

"कसलं उत्तम! मला स्वतःच्या जागेवर झोपवून हे हल्ली जमिनीवर झोपतात. म्हणे पाठ धरते," बायको हसली.

नर्स हसली नाही.

खोलीत आणखी चार-पाच जण औषध घेत होते. प्रत्येकाशेजारी नातेवाइकासाठी एक खुर्ची होती, आणि सगळ्या रिकाम्या. नातेवाईक भिंतीला टेकून उभे होते. मी बायकोशेजारच्या खुर्चीत बसणार, तेवढ्यात भिंतीपासून पुढे येऊन एका म्हाताऱ्याने माझं कोपर धरलं आणि मानेनेच नको म्हटलं.

मी भिंतीपाशी गेलो. त्याने थोडं सरकून मला जागा दिली.