रॉडवरचं प्लास्टिक

ज्ञानोबांनी धाकट्या लेकीचं लग्न फरीदाबादेत लावून दिलं, ते साल दोन हजार पंचवीस. मांडवाचा शीण अंगातून गेला नव्हता, तोच भानुमतीवहिनींनी त्यांना गाडी काढायला लावली. वहिनी खाजगी तपास करायच्या. दीर म्हणून ज्ञानोबा गाडी चालवायचे, आणि वहिनींना कळलेलं सगळ्यात शेवटी त्यांना कळायचं.

गुरुग्रामच्या एका उंच सोसायटीत रोशनीनं दार उघडलं. रडून रडून डोळे कोरडे पडलेले.

"बाबा रिटायर झाले म्हणून अंदमानची फिशिंग ट्रिप मीच बुक केली," ती म्हणाली. "रॉडही मीच दिली. सोबत माझा नवरा होता, धीरज. तो म्हणतो, मोठ्या माशानं बाबांना ओढून नेलं. म्हणजे माझ्या गिफ्टनंच गेले ना ते? एवढंच सांगा मला. तसंच असेल तर तसं सांगा."

"पोहता येत होतं?" वहिनींनी विचारलं.

"वैनगंगेकाठी वाढलेले ते. पण खोल समुद्र... दुसऱ्या दिवशी कोळ्यांना सापडले. अंगावर जॅकेट नव्हतं."

तिनं त्या सकाळचा बोटीवरचा फोटो दाखवला. तिचे बाबा राजाराम मेश्राम पांढऱ्या शर्ट-पँटमध्ये, वर नारिंगी लाइफ जॅकेट. शेजारी रंगीत टीशर्टातला, जाड काळ्या चष्म्याचा धीरज, जॅकेटशिवाय.

"पट्टे अगदी नीट लावलेत," वहिनी म्हणाल्या.

"बाबा तसेच. कॅबमध्ये मागे बसले तरी बेल्ट लावायचे. ड्रायव्हर हसायचे."

तिनं दिलेली रॉड कोपऱ्यात उभी होती. वहिनींनी मुठीवरून हात फिरवला. प्लास्टिक चुरचुरलं.

आतून धीरज आला. डोळ्यांवर बारीक तारेचा चष्मा; तो सारखा नाकावर सावरत होता.

"चष्मा नवा वाटतं?"

"हो. जुना मोडला." तो बसला. "मॅडम, पोलिसांना सगळं सांगून झालंय. मी केबिनमध्ये होतो. मोठा मासा लागला, ओढून घेऊन गेला. रॉड हातातून सुटून डेकवर पडली."

"आणि जॅकेट?"

"उकडतंय म्हणून पप्पांनी काढलं होतं."

ज्ञानोबांनी मनातल्या मनात धीरजला बेड्या घातल्या.

वहिनींनी बोटीवरच्या गाइडला फोन लावून स्पीकर चालू केला. तिकडून उत्तर आलं, "मैडम, बड़ी मछली लगी, खींच ले गई।"

"अच्छा. और लौटते वक्त जैकेट किसने पहनी थी?"

फोन कट झाला.

रोशनीची आई, शीलाताई, स्वयंपाकघरात चहा गाळत होत्या. वहिनी ओट्याला टेकल्या.

"त्या सकाळी त्यांचा फोन आला होता?"

"आला होता. खीर केलीस का, विहारात नेलीस का, म्हणाले. म्हटलं, नेते."

"मग?"

"मग काय. जाऊ दे ताई. गेलेल्या माणसाचं काय बोलायचं." त्यांनी पातेलं जोरात नळाखाली धरलं.

चहा झाल्यावर वहिनींनी सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं.

"गाडी काढू?" ज्ञानोबांनी हळूच विचारलं. "पोलिसात जायला?"

"बसा भावोजी. कुणाला मारलेलं नाही कुणी." त्या शीलाताईंकडे वळल्या. "त्या दिवशी कोणती तिथी होती?"

शीलाताईंनी पदराला हात पुसले. "माघ पौर्णिमा. पौर्णिमेला ते पांढरे कपडे घालायचे, अष्टशील पाळायचे. एरवी मासे खायचे, पण त्या दिवशी जिवाला हात लावायचा नाही. आणि शेवटच्या दिवशी शील मोडून मासा धरायला गेले. महिना झाला, घास उतरत नाही माझ्या घशाखाली."

"मला कुठे पौर्णिमा कळते, आई," रोशनी पुटपुटली. "कॅलेंडरवर नुसता बुधवार होता."

"त्यांनी शील मोडलं नाही," वहिनी म्हणाल्या. "फोटोत पांढरे कपडे आहेत. रॉडच्या मुठीवर कारखान्याचं प्लास्टिक तसंच आहे. माशाशी झुंजणाऱ्याच्या हातात ते टिकलं नसतं. ते मासा धरतच नव्हते. मग मासा ओढणार कुणाला? उकाड्याची गोष्टही खोटी. कॅबमध्ये बेल्ट लावणारा माणूस भर समुद्रात उगाच जॅकेट काढत नाही. ते दुसऱ्याला द्यायचं असेल तरच काढतो. फोटोत जॅकेट नव्हतं ते धीरजरावांच्या अंगावर. जाड चष्मा मोडला नाही, बुडाला. गाइड बोलतो तेही धीरजरावांचंच वाक्य, फक्त हिंदीत; आणि जॅकेटचं नाव काढताच फोन ठेवतो."

धीरजनं चष्मा काढून हातात धरला.

"माझा मासा ओढताना मी वाकलो आणि गेलो," तो म्हणाला. "मला पोहता येत नाही. पप्पांनी जॅकेट काढलं, ते घेऊन उडी मारली, मला घातलं, पट्टे लावले. सगळे पट्टे. बोट वळेपर्यंत लाटेनं त्यांना लांब नेलं होतं. जॅकेटशिवाय उभं राहू दिलं म्हणून गाइडचं लायसन्स गेलं असतं. आणि मी... हिला काय सांगणार होतो?"

"महिनाभर मी स्वतःला खात होते," रोशनी म्हणाली, "आणि तू समोर बसून बघत होतास."

शीलाताई उठल्या. त्यांनी रॉड उचलून जावयाच्या मांडीवर ठेवली आणि आत जाऊन खिरीसाठी दूध तापायला ठेवलं.

परतताना टोलनाक्यावर ज्ञानोबांनी विचारलं, "वहिनी, जावई सुटला म्हणायचा?"

"सुटला कसला. तो आता कुठे पाण्यात पडलाय."

राजाराम मेश्राम बारा फेब्रुवारी दोन हजार पंचवीसला, माघ पौर्णिमेच्या दुपारी, अंदमानच्या समुद्रात जावयाला वाचवताना बुडून वारले.